वनस्पतींमधले फ्लेवोनॉइड आणि हाडांची झीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लेवोनॉइड म्हणजे नेमकं काय? जीवनसत्त्व आहे का?

नाही. १९३६ मध्ये अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबू आणि लाल मिरचीतून मिळालेल्या अशा द्रव्याला ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं होतं. पण त्याच्या अभावाने होणारा ठरावीक आजार काही सापडला नाही आणि ते नाव मागे पडलं. फ्लेवोनॉइड हा १५ कार्बन अणूंच्या एकाच सांगाड्यावर बेतलेल्या वनस्पतिद्रव्यांचा मोठा गट आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन, शेवग्याच्या पाल्यातलं क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल, संत्र्या-मोसंब्याच्या पांढऱ्या सालीतलं हेस्पेरिडिन, चहातली कॅटेचिन, जांभळाला आणि कोकमाला रंग देणारी अँथोसायनिन, सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेवोन, ही सगळी त्याच घराण्यातली. हळदीतलं कर्क्युमिन आणि द्राक्षातलं रेस्व्हेरेट्रॉल मात्र या गटात येत नाहीत, जाहिरातीत काहीही छापलेलं असलं तरी.

हाडांच्या पेशी करतात काय आणि झीज होते कशी?

हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. मोडण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट या पेशींकडे असतं. रक्तातल्या मोनोसाइट वंशाच्या पेशी एकमेकींत मिसळून त्या तयार होतात, हाडाला चिकटतात, आम्ल सोडून खनिज विरघळवतात आणि कॅथेप्सिन-के या विकराने कोलॅजेन कापतात. बांधण्याचं काम ऑस्टिओब्लास्ट करतात. हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट दोघांवर देखरेख ठेवतात. एका जागी खोदकाम दोन-चार आठवड्यांत उरकतं, तो खड्डा भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. वेगातला हा फरकच पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ आहे. एकाच वेळी जास्त ठिकाणी खोदकाम सुरू झालं की भरणारे मागे पडतात.

खोदणाऱ्यांना बोलावणारा निरोप म्हणजे रँकल हे प्रथिन. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिन रँकलला मधेच पकडून निष्प्रभ करतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, रँकल वाढतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी पडतं. त्या काळात काही वर्षं मणक्यातली घनता दर वर्षी २ टक्क्यांच्या आसपास घटू शकते, पुढे हा वेग मंदावतो.

फ्लेवोनॉइड ऑस्टिओक्लास्टना नेमके कुठे अडवतात?

रँकलचा निरोप पेशीत पोचल्यावर आत साखळी सुरू होते. आधी एनएफ-कप्पा-बी हे संदेश पुढे नेणारं प्रथिन जागं होतं, मग सी-फॉस, आणि शेवटी एनएफएटीसी-१. हे शेवटचं प्रथिन चालू झालं की पेशीचं ऑस्टिओक्लास्टमध्ये रूपांतर ठरलेलंच. या साखळीला पेशीतल्या ऑक्सिडीकारक रेणूंचा आधार लागतो. क्वेर्सेटिन, ल्युटिओलिन, केम्फेरॉल, जेनिस्टीन यांच्यावरच्या बहुतेक पेशी-प्रयोगांत हे रेणू कमी होतात, एनएफ-कप्पा-बी दबतं आणि एनएफएटीसी-१ ची पातळी उतरते. शिवाय एनआरएफ-२ नावाची पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी होते. ऑस्टिओक्लास्ट कमी बनतात, बनतात त्याही कमी खड्डे पाडतात.

हा मार्ग भाकड नाही. ठिसूळ हाडांवर दर सहा महिन्यांनी ६० मि.ग्रॅ. टोचलं जाणारं डेनोसुमॅब हे औषध रँकललाच पकडतं. फरक इतकाच की ते एकाच लक्ष्यावर घट्ट बसतं, आणि फ्लेवोनॉइड दहा ठिकाणी सैलसर हात लावतात.

आणि हाड बांधणाऱ्या पेशींवर?

इथे चित्र गुंतागुंतीचं आहे. अनेक फ्लेवोनॉइड बीएमपी-२ आणि डब्ल्यूएनटी या हाड घडवण्याचा संदेश देणाऱ्या मार्गांना चालना देतात, ऑस्टिओब्लास्ट घडवणारं आरयूएनएक्स-२ हे प्रथिन वाढवतात आणि मूळपेशींना चरबीच्या पेशी होण्याऐवजी ऑस्टिओब्लास्ट होण्याकडे वळवतात. पण मात्रा बदलली की वागणं उलटतं. जेनिस्टीन कमी मात्रेत इस्ट्रोजेनच्या ग्राहकांमार्फत (त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या पेशीतल्या प्रथिनांमार्फत), त्यातही बीटा प्रकाराच्या, हाडाच्या बाजूने काम करतं. मात्रा बरीच वाढवली की पीपीएआर-गॅमा हे चरबीच्या पेशी घडवणारं प्रथिन चालू करून त्याच मूळपेशींना चरबीकडे ढकलतं. त्यामुळे ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हा हिशेब इथे सरळच चुकीचा ठरतो.

प्रयोगशाळेत इतका फरक दिसतो, मग माणसांत तो का विरतो?

मुख्य कारण मात्रा आणि रूप. पेशींवर १ ते ५० मायक्रोमोलर (द्रावणातल्या रेणूंचं प्रमाण मोजण्याचं एकक) क्वेर्सेटिन ओतलं जातं. जेवणातून घेतल्यावर रक्तात ते बहुधा १ मायक्रोमोलरच्या खालीच राहतं, आणि तेही मूळ रूपात नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं. हाडापर्यंत पोचतो तो हा बदललेला रेणू, आणि पेशींवर तपासलेला असतो भलताच.

त्यात कुठला पदार्थ खाल्ला यानेही फरक पडतो. कांद्यातलं क्वेर्सेटिन ग्लुकोजला जोडलेलं असतं, लहान आतड्यातलं विकर ती जोडणी तोडतं आणि ते चांगलं शोषलं जातं. कुट्टूमधल्या रुटिनमध्ये तेच क्वेर्सेटिन वेगळ्या साखरेला बांधलेलं असतं. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत खाली जातं, आणि शोषण उशिरा आणि कमी होतं.

दुसरं कारण प्राणी-प्रयोगांचं. बहुतेक प्रयोग अंडाशय काढलेल्या उंदरांवर ८ ते १२ आठवडे चालतात. इस्ट्रोजेन एका दिवसात शून्यावर आणलं की झीज झपाट्याने होते आणि कोणताही लगाम ठळक दिसतो. बाईच्या शरीरात हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू घडतं.

पेशींवरच्या प्रयोगाचा निबंध वाचताना काय तपासावं?

जीवशास्त्राचे विद्यार्थी हे वारंवार विचारतात. आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या पेशींना साधारण ५० नॅनोग्रॅम प्रति मि.ली. रँकल देऊन चार-सहा दिवसांनी टीआरएपी रंगाने, म्हणजे ऑस्टिओक्लास्टमधलं ठरावीक विकर दाखवणाऱ्या रंगाने, रंगवतात. तीन किंवा अधिक केंद्रकं असलेल्या रंगीत पेशी मोजतात. इथे पहिली शंका घ्यायची ती अशी, की ऑस्टिओक्लास्ट कमी दिसले ते रूपांतर थांबलं म्हणून, की पेशी मेल्या म्हणून? त्याच मात्रेवर पेशी जिवंत असल्याची वेगळी चाचणी दाखवलेली नसेल, तर निष्कर्ष लटका.

दुसरी गोम माध्यमातच असते. क्वेर्सेटिन आणि चहातलं ईजीसीजी हे कॅटेचिन पेशी वाढवण्याच्या माध्यमात स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. मग दिसलेला परिणाम फ्लेवोनॉइडचा की पेरॉक्साइडचा हे कळत नाही. पेशी न घालता नुसत्या माध्यमात पेरॉक्साइड मोजलं आहे का, ते पाहा. विरघळवण्यासाठी वापरलेलं डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत आहे का आणि नियंत्रण-गटालाही तितकंच दिलं आहे का, हेही. नुसते रंगलेले ठिपके पुरेसे नाहीत. हाडाच्या कापावर किंवा खनिजाच्या थरावर खड्डे कमी पडल्याचं दाखवलेलं असलं तरच विश्वास ठेवण्याजोगं.

सोयाबीन खाल्ल्याने हाडांची झीज थांबते का?

सर्वांत जास्त मानवी चाचण्या यावरच झाल्या आहेत आणि निकाल एका दिशेचे नाहीत. इटलीत ३८९ स्त्रियांच्या दोन वर्षांच्या चाचणीत एका गटाला रोज ५४ मि.ग्रॅ. शुद्ध जेनिस्टीन दिलं गेलं. या सर्वजणींची पाळी गेलेली होती आणि घनता आधीच कमी होती. २००७ मध्ये आलेल्या निकालात जेनिस्टीन घेणाऱ्यांची मणक्यातली आणि खुब्यातली घनता वाढलेली होती, दुसऱ्या गटाची घटलेली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना होतं. पोटाच्या तक्रारी मात्र जेनिस्टीनच्या गटात जास्त झाल्या.

उलट बाजूला अमेरिकेतली मायामीची चाचणी. २४८ स्त्रिया, रोज २०० मि.ग्रॅ. सोया आयसोफ्लेवोन, दोन वर्षं. २०११ मध्ये निकाल आला, झीज जराही थांबली नव्हती. अंगातून वाफा येण्याचा त्रास सोया घेणाऱ्या ४८ टक्के जणींना होता, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३२ टक्के. बद्धकोष्ठाचीही तक्रार अधिक. ८० आणि १२० मि.ग्रॅ. देऊन दोन ते तीन वर्षं चाललेल्या आणखी दोन अमेरिकी चाचण्यांत मोठ्या मात्रेला एखाद्या ठिकाणी किंचित फायदा दिसला, इतकंच.

हा विरोध का? इटलीत एकच शुद्ध रेणू होता, साखर न जोडलेला. अमेरिकेत मिश्रण होतं. स्त्रियांच्या हाडांची सुरुवातीची अवस्था वेगळी होती, आतड्यातले जिवाणूही वेगळे. आमचं मत असं, की सोया हे चांगलं प्रथिन म्हणून जेवणात असावं, झीज थांबवणारं औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

इक्वॉल म्हणजे काय? ते माझ्या शरीरात बनतं का?

डेडझीनपासून आतड्यातले ठरावीक जिवाणू इक्वॉल बनवतात, आणि त्याची इस्ट्रोजेनसारखी कृती मूळ डेडझीनपेक्षा जास्त असते. जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांत ते बनतं, पाश्चात्त्य देशांत पाव ते तिसऱ्या हिश्श्यात. सोयाचे पदार्थ काही दिवस सलग खाऊन लघवीची तपासणी केली तर कळतं, पण नेहमीच्या लॅबमध्ये ही चाचणी होत नाही, आणि कळून तुमच्या उपचारात फारसा बदलही होणार नाही.

इप्रिफ्लावोनच्या गोळ्या अजून विकत मिळतात. घ्याव्यात का?

नको. हे आयसोफ्लेवोनच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं द्रव्य. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४७४ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ६०० मि.ग्रॅ. तीन वर्षं दिलं. झीज थांबली नाही, मणके मोडण्याचं प्रमाण घटलं नाही आणि २९ जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटल्या.

सुकवलेले आलुबुखार, म्हणजे प्रून, खरंच उपयोगी आहेत का?

फळांमध्ये पुरावा सर्वांत बरा याचाच. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने २३५ स्त्रियांवर केलेल्या वर्षभराच्या चाचणीत, २०२२ च्या निकालानुसार, प्रून न खाणाऱ्यांची खुब्यातली घनता १.१ टक्के घटली, रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांची ०.३ टक्के. १०० ग्रॅमच्या गटातल्या ४१ टक्के जणींनी मधेच सोडून दिलं. रोज दहा-बारा प्रून वर्षभर खाऊन पाहा, कारण कळेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपण काय खातोय हे त्या स्त्रियांना माहीत होतं, आणि प्रूनमधलं मुख्य फिनॉलिक द्रव्य निओक्लोरोजेनिक आम्ल आहे, जे फ्लेवोनॉइड नाही. तेव्हा श्रेय कोणाचं हे सुटं करता येत नाही. ५० ग्रॅम म्हणजे पाच-सहा नग, त्यात साधारण १९ ग्रॅम साखर आणि १२० कॅलरी येतात. मधुमेह असेल तर तेवढं दुसरीकडून कमी करा. आणि सुरुवात दोन नगांपासून, नाहीतर पोट बिघडतं.

आपल्याकडच्या झाडांवर काही काम झालं आहे का?

झालं आहे, आणि चांगल्या दर्जाचं. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शिसमाच्या पानांचा अर्क आणि पळसाच्या खोडाच्या सालीतली मेथॉक्सी-आयसोफ्लेवोन यांवर बराच अभ्यास केला. कॅजानिन, आयसोफॉर्मोनोनेटिन ही त्यातली नावं. मेथॉक्सी गट जोडलेला असल्याने यकृत त्यांना लवकर निष्क्रिय करू शकत नाही, ही त्यांची जमेची बाजू. यातला बराचसा पुरावा पेशी आणि उंदरांवरचा आहे. घरी पळसाची साल उकळून तो परिणाम मिळणार नाही: मात्रा ठरत नाही, आणि साल काढलेलं झाड मरू शकतं ते वेगळंच.

कांडवेल किंवा हाडसांधी ही मोडलेल्या हाडासाठी जुनी प्रसिद्ध वेल. तिच्यात क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल असतं, स्टेरॉइड वर्गातली द्रव्यंही असतात. कच्ची कांडी चघळली की तोंड आणि घसा खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिंच किंवा ताक घालून शिजवण्याची रीत त्यासाठीच.

रोजच्या स्वयंपाकात काय आणि किती ठेवावं?

फ्लेवोनॉइडची अधिकृत दैनिक गरज ठरलेली नाही. स्कॉटलंडमधल्या तीन हजारांहून अधिक मध्यमवयीन स्त्रियांच्या पाहणीत आहारातून रोज सुमारे ३०० मि.ग्रॅ. जात होतं, त्यातला मोठा वाटा चहाचा. जास्त फ्लेवोनॉइड घेणाऱ्यांची घनता किंचित चांगली होती. पण अशा बायका भाजी-फळंही जास्त खातात, चालतातही जास्त, म्हणून यातून कारण सिद्ध होत नाही.

कांदा: १०० ग्रॅममध्ये साधारण २० ते ३० मि.ग्रॅ. क्वेर्सेटिन, पांढऱ्यात बरंच कमी. सर्वाधिक असतं ते बाहेरच्या पापुद्र्यांत. सोलताना वरच्या दोन जाड पाकळ्या फेकल्या तर मोठा हिस्सा कचऱ्यात गेला. परतण्याने फार घट होत नाही. उकळून पाणी ओतून दिलं की ते पाण्याबरोबर जातं.

सोया वडी: कोरड्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५० मि.ग्रॅ. आयसोफ्लेवोन, म्हणजे ३० ग्रॅम वडीत ४५ च्या आसपास. आपल्याकडे वडी उकळून, पिळून, पुन्हा पाण्यातून काढतात, त्यात काही भाग वाहून जातो. उग्र वास सहन होत असेल तर बेताच्या गरम पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवा आणि तेच पाणी रश्शात घाला. वास नकोसा असेल तर पाणी ओता, हाडांचं त्याने काही अडणार नाही. सोयाबीनच्या तेलात आयसोफ्लेवोन नसतात. अख्खं सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये, त्यातले प्रथिनपचन रोखणारे घटक शिजवल्यावरच निकामी होतात. मणिपूरचं हवाईजार, सिक्कीमचं किनेमा यांसारख्या आंबवलेल्या सोयात साखर आधीच सुटलेली असते, त्यामुळे शोषण लवकर होतं.

संत्रं, मोसंबी: फोडीवरचा पांढरा भाग काढून टाकू नका, हेस्पेरिडिन तिथेच आहे. गाळलेल्या रसात ते कमी उरतं.

या सगळ्याआधी कॅल्शियम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना रोज १००० मि.ग्रॅ., पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मि.ग्रॅ. लागतं. ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत २०० च्या थोडं वर मिळतं, २०० मि.ली. दुधात सुमारे २४०. हे आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर कांद्याच्या पापुद्र्यांचा हिशेब करण्यात अर्थ नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांपैकी ज्यांत फायदा दिसला, त्यांत ही दोन्ही आधीच पुरवलेली होती.

आयसोफ्लेवोनची गोळी घ्यायचीच असेल तर लेबलवर काय पाहावं?

मात्रा ग्लायकोसाइडची (साखर जोडलेल्या रूपाची) लिहिली आहे की अॅग्लायकोनची (साखर नसलेल्या रूपाची), हे पहिलं. जेनिस्टीनला साखर जोडलेली असेल तर १०० मि.ग्रॅ. मधलं खरं जेनिस्टीन फक्त ६२ मि.ग्रॅ. च्या आसपास. ‘सोया अर्क ५०० मि.ग्रॅ.’ इतकंच छापलं असेल तर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. ती बाटली परत ठेवा. ही द्रव्यं काही तासांतच शरीराबाहेर पडू लागतात, म्हणून दिवसाची मात्रा दोनदा विभागून घेणं बरं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी रोज ३५ ते १५० मि.ग्रॅ. मात्रेत स्तन, गर्भाशय आणि थायरॉइडवर अपाय दिसत नसल्याचं सांगितलं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा त्यावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर मात्र गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदरपणात आणि मुलांना तर नाहीच.

हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यातून दिवसाला ८०० मि.ग्रॅ. किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला इजा होण्याची चिन्हं दिसली आहेत. कपातल्या चहाला हे लागू नाही.

इतर औषधांबरोबर अडचण येते का?

थायरॉइडच्या गोळीचं शोषण सोयामुळे कमी होतं. कॅल्शियमच्या गोळीमुळेही. दोन्हींपासून चार तासांचं अंतर ठेवा आणि सोया खाण्याचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा, नाहीतर टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला रक्तातला आकडा) वरखाली होत राहतं आणि डॉक्टर उगाच मात्रा बदलत बसतात. लोहाची गोळी किंवा पालेभाजीचं जेवण चहाबरोबर नको, तासाभराचं अंतर हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कोणताही अर्क सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा अॅलेंड्रोनेट घेत असाल, तर ते सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबरच. त्यानंतर किमान अर्धा तास चहा, दूध, संत्र्याचा रस काही नाही आणि आडवंही व्हायचं नाही; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो.

फ्लेवोनॉइडयुक्त आहार सुरू केल्यावर ही औषधं बंद करता येतील का?

नाही. टी-स्कोअर (हाडांच्या घनतेच्या तपासणीत तरुण निरोगी हाडांशी तुलना करून दिलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर आहार हा औषधाला पर्याय होत नाही. डेनोसुमॅब तर मनाने थांबवणं धोक्याचंच आहे: पुढचं इंजेक्शन लांबलं की दबलेले ऑस्टिओक्लास्ट एकदम उसळतात आणि मणके मोडू शकतात.

फरक पडतोय की नाही, हे कसं कळेल?

दोन-तीन महिन्यांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, करून काही कळत नाही. दोन तपासण्यांमधला ३ ते ५ टक्क्यांपेक्षा कमी फरक मोजणीच्या चुकीतच मोडू शकतो, म्हणून वर्ष-दोन वर्षांचं अंतर, तेच केंद्र आणि शक्यतो तेच यंत्र. टाचेवर होणारी शिबिरातली अल्ट्रासाउंड तपासणी यासाठी चालत नाही.

झिजेचा वेग रक्तातल्या सीटीएक्सवरून (हाड मोडताना सुटणाऱ्या कोलॅजेनच्या तुकड्यावरून) लवकर समजतो, पण रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यायला हवं, खाल्ल्यावर हा आकडा खाली येतो आणि उगाच बरं वाटतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो. साधारण दोन दिवस आधी त्या थांबवायला सांगतात.

पुरुषांनाही हे सगळं लागू आहे का?

पेशींच्या पातळीवर हो, पुरुषांची हाडंही बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनवरच टिकून असतात. पण वर दिलेल्या मानवी चाचण्या स्त्रियांवरच्या आहेत, त्यातले आकडे पुरुषांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. सोयाने पुरुषी संप्रेरक घटतं ही भीती मात्र नेहमीच्या आहारातल्या प्रमाणाला खरी ठरलेली नाही.